चिलखतातल्या साहेबाच्या तोंडावरचा उजेड

तुमच्या शाळेच्या मोठ्या दालनात कुणा जुन्या सेनापतीचे तैलचित्र लावले आहे आणि त्यात नाक आणि हात सोडून सगळे काळेच काळे दिसते, असे थोरलीने रंगूनहून लिहिले आहे. असली चित्रे पाहायची कशी, हे आजीला ठाऊक असेल का, असेही खाली विचारले आहे. ठाऊक आहे. पण ते मी कुठे शिकले हे सांगितल्यावाचून मला ते सांगता येणार नाही, आणि ती हकीकत आनंदाची नाही. तुम्ही आता मोठी झाला आहात. क्रमाने लिहिते.

माझी थोरली बहीण, माझी अक्का, माथेरानच्या पायथ्याशी चौक गाव आहे, त्याच्या जवळच्या एका खेड्यात दिली होती. तिचे यजमान लष्कराच्या सामानाच्या तांड्यावर कारकून होते. कुठले ओझे कुठल्या बैलावर, कुठले खेचर लंगडते, हे लिहून ठेवायचे त्यांचे काम. काबूलची लढाई लागली तेव्हा त्यांचा तांडा पलटणीमागोमाग कंदाहाराकडे गेला. पहिल्या वर्षी चार पत्रे आली, दुसऱ्या वर्षी एक. मग तिकडे आपल्या फौजेचा मोठा मोड झाल्याची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून आली आणि त्यानंतर काहीच आले नाही. लढाई संपली, पलटणी परतल्या, चौक गावचे दोन बैलवालेसुद्धा परतले, पण ते दुसऱ्या तांड्यातले होते. मेहुणे आले नाहीत, आणि ते गेले असेही कुणी कळवले नाही.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, अशी आपल्यात रीत आहे. पण मृत्यूची खात्रीची बातमी मिळाली तर बारा वर्षे थांबायचे कारण नाही, असे कर्जतच्या भटजींनी अक्काच्या सासऱ्यांना सांगितले होते. म्हणजे गोष्ट एका कागदावर येऊन ठेपली होती. सरकारी कागद आला तर अक्काचे कुंकू पुसायचे, बांगड्या फुटायच्या, केस जायचे. नाही आला तर अजून नऊ वर्षे ती सवाशीण.

तिच्या सासूबाई वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांना सुनेचे केस नको होते, मुलाला पाणी हवे होते.

"माझा पोर तिकडे तहानलेला हिंडत असेल," त्या म्हणायच्या. "त्याला कोणी तिलांजली दिली नाही. बारा वर्षं मी कुठली जगते?"

आणि अक्का समोरून गेली की लगेच, "कुंकू बघा हिचं. दर महिन्याला वाढतंय. कपाळ पुरायचं नाही आता."

अक्का म्हणे, "लांबून दिसावं म्हणून लावते, सासूबाई."

सासरे खाली मान घालून सुपारी कातरत बसत.

तेव्हा तुमचे आजोबा माथेरानला दवाखान्यात औषधे देण्याच्या कामावर होते आणि हंगामाचे महिने आम्ही वर राहत असू. माझ्या वडिलांनी मला घरीच इंग्रजी शिकवले होते. डोळ्यांत घालायचे औषध न्यायला एक म्हातारी मडम दवाखान्यात येत असे. तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू उतरला होता. दारातून आत येणारा माणूस आहे की पडदा हललाय, इतकेच तिला कळे. तिला कुणीतरी पुस्तक वाचून दाखवणारे हवे होते. आजोबांनी माझे नाव सुचवले आणि मी रोज दुपारी तिच्या बंगल्यावर जाऊ लागले. तिथे मी पाणीही घेत नसे आणि घरी येऊन आंघोळ करीत असे, तरी शेजारणींनी जे बोलायचे ते बोलून घेतलेच.

मडमेचा नवरा कर्नल होता, तो वारला होता. एकुलता मुलगा त्याच काबूलच्या लढाईत पहिल्याच वर्षी मारला गेला होता. त्याची तार तिला तिसऱ्या दिवशी मिळाली होती, दिवस, जागा आणि वेळ यांसकट. हे तिने सांगितले तेव्हा मला प्रथम तिची दया आली नाही, हेवा वाटला. असे वाटले होते म्हणून लिहिले.

तिच्या बैठकीच्या खोलीत ते चित्र होते. कर्नलच्या कुणा पूर्वजाचे, दोनशे वर्षांहून जुने. ती जाईल तिथे ते बरोबर नेत असे आणि पावसाळ्याआधी मेणकापडात गुंडाळून मुंबईला जावयाकडे पाठवीत असे. तिच्या मुलाचे तोंड हुबेहूब या पूर्वजासारखे होते, असे सगळे घराणे म्हणे. आता तिला ते दिसत नव्हते. पुस्तक मिटले की ती म्हणे, "आता त्याच्याकडे बघा आणि आज तो कसा दिसतो ते मला सांगा."

पहिल्या दिवशी मला थोरलीसारखेच काळे दिसले. बंगल्यात झाडलोट करणारी ठाकरवाडीची एक बाई होती. ती फडके खांद्यावर टाकून माझ्या शेजारी उभी राहिली.

"बाय, ह्यो सायेब आर्धाच काडलाय बग," ती म्हणाली. "रंग संपला आसंल चिताऱ्याचा."

मला हसू आले. मडमेने विचारले म्हणून तिला इंग्रजीत सांगितले, तर तीही हसली. मग ती म्हणाली की रंग संपला नव्हता, काळा रंग आधी लावलेला असतो. त्या काळचे चितारी ज्यावर चित्र काढायचे तो सगळा कपडा आधी तपकिरी-काळा करून टाकीत आणि मग त्या काळोखातून जेवढा माणूस हवा तेवढाच बाहेर काढीत. म्हणून असे चित्र पाहताना काळे पाहू नये. उजेड कुठे ठेवला आहे ते पाहावे आणि मग कुठे ठेवता आला असता पण ठेवला नाही तेही पाहावे. थोरले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. बाकी मी त्या खोलीत दोन महिने बसून शिकले.

कमरेपर्यंतचा पुरुष. अंगात काळे लोखंडी चिलखत, गळ्याशी पांढरी जाळीची कॉलर, खांद्यावरून तांबडा शेला. शिरस्त्राण बाजूच्या मेजावर. उजव्या हातात हुकमाचा दंड, म्हणजे सेनापतीची आखूड काठी, आणि त्या हातातला मोजा काढलेला. मला वाटले होते की लढवय्याचे चित्र, म्हणजे चिलखत चकाकत असेल. पण चिलखतावर खडूने ओढावी तशी एकच पांढरी रेघ होती. तलवारीची मूठ जवळजवळ दिसतच नव्हती. सगळा उजेड कपाळावर, एका गालावर आणि त्या उघड्या हाताच्या बोटांवर. बोटे दंडावर आवळलेली नव्हती, नुसती टेकलेली होती. डोळ्याच्या खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. तो ओलावा होता, की चिताऱ्याने सगळ्याच डोळ्यांना देतात तशी चमक दिली होती, ते मला ठरवता येईना.

हे सगळे मी मडमेला सांगितले. "आणि चेहरा?" तिने विचारले.

मला तो माणूस घाबरलेला वाटत होता. मोठ्याने ओरडणारी भीती नव्हे. आपल्याला काय सांगणार आहेत हे आधीच कळलेल्या माणसासारखा तो दिसे. मी तसे सांगायला तोंड उघडले, आणि तिने मांडीवर हात कसे धरले होते ते पाहून म्हणाले, "धीराचा दिसतो."

"हो. तो तसाच होता," ती म्हणाली. पूर्वजाबद्दल नव्हे, हे आम्हा दोघींनाही कळत होते.

दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितले. व्हरांड्यातून येणाऱ्या उन्हाप्रमाणे चित्र थोडे थोडे बदले. कधी मी "शांत" म्हणत असे, कधी "निश्चयाचा". दोन महिन्यांत एकदाही खरे सांगितले नाही.

चैत्रात अक्का वर आली. चौकच्या बाजूने डोंगर चढून, कैऱ्यांची टोपली घेऊन. सासऱ्यांनीच पाठवले होते. मडमेचा जावई लष्करी कचेरीत मोठ्या जागेवर आहे, हे त्यांच्या कानी गेले होते. मडमेने त्याला पत्र घातले तर निकाल लागेल, असे त्यांचे म्हणणे. अक्काला काय हवे होते? तिला ते जिवंत असल्याचा कागद हवा होता. तसा कागद येईल यावर तिचा पुरा भरवसा होता.

मी तिला बंगल्यावर घेऊन गेले. मडमेने आत बोलावले. अक्का उंबऱ्याशीच थांबली आणि समोरच्या चित्राकडे बघत राहिली. तिने माणसाचे असे मोठे तैलचित्र कधी पाहिले नव्हते. घरी देव होते, पण त्यांना सगळीकडून सारखा उजेड असतो.

"कोण ओवाळतंय गं ह्याला?" ती म्हणाली.

"ओवाळत कोण असणार? साहेब आहे तो. खिडकीतून उजेड आलाय."

"खिडकी खाली असते होय? नाकाची सावली बघ की. वर गेलीय, गालावर. दिवा छातीशी धरलाय कोणीतरी. हनुवटीखाली बघ, नाकपुडीत बघ."

मी पाहिले. दोन महिने मी त्या नाकाकडे पाहत होते आणि ती सावली वर पडली आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. उजेड खरोखरच खालून, डाव्या अंगाने येत होता.

"लढाईवर निघालाय," अक्का म्हणाली. "पाटावरून आत्ताच उठलाय. आणि तिच्याकडेच बघतोय, जिच्या हातात तबक आहे तिच्याकडे. शत्रूकडे असं कोणी बघतं का? हे निघाले तेव्हा मी ओवाळलं ना, तेव्हा असंच दिसलं होतं तोंड. खालून उजळलेलं. मला हसू आलं, तर म्हणाले, हात हलवू नकोस, तेल सांडेल."

साहेब लोकांत ओवाळणे नसते हे मला माहीत होते. तिथे कुणा बाईच्या हातात तबक नव्हते. फार तर चिताऱ्याने मेजावर मेणबत्ती ठेवली असेल. पण डोळे कुठे पाहत आहेत याचा अर्थ मला दोन महिन्यांत लागला नव्हता, आणि तिचे बोलणे ऐकल्यावर तो चेहरा मला दुसरा दिसेना.

मडमेने विचारले, तुमची बहीण काय म्हणते. मी या वेळी शब्दन्‌शब्द सांगितले, ओवाळणे म्हणजे काय तेही समजावून सांगितले.

"माझा मुलगा जहाजावर चढला तेव्हा मी धक्क्यावर गेले नाही," ती म्हणाली. "माझं डोकं दुखत होतं. मी घरूनच निरोप दिला, पलंगावरून. त्या खोलीत पडदे ओढलेले होते."

मग तिने मला कागद घ्यायला सांगितले. जावयाला पत्र तिने सांगितले आणि मी लिहिले. मेहुण्यांचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तांडा, शेवटचे पत्र कुठून आले ते. खाली तिने चाचपडत सही केली. सही ओळ सोडून खाली गेली.

अक्का डोंगर उतरली ती जवळजवळ पळतच. गावाहून तिच्या सोबतीला आलेली बाई मागून ओरडत होती, "सावकाश ताई, पाय घसरंल."

उत्तर वैशाखाच्या अखेरीस आले. बंगल्यात बांधाबांध चालली होती, चित्र भिंतीवरून उतरवून मेणकापडात गुंडाळलेले होते. पाकीट मीच फोडले आणि मडमेला वाचून दाखवले. मजकूर लहान होता. सामानाच्या तांड्यावरच्या एतद्देशीय नोकरांची यादी माघारीच्या गडबडीत नष्ट झाली. त्या तांड्यापैकी जे कंदाहारला पोचले त्यांत या नावाचा माणूस नाही. बाकीचे त्याच दिवशी मारले गेले असे धरण्यात आले आहे.

मडम म्हणाली, "शेवटचं वाक्य तुम्ही त्यांना वाचून दाखवलंच पाहिजे असं नाही."

"मी मजकूर बदलत नाही, बाईसाहेब."

"दोन महिने तुम्ही मला तो धीराचा आहे असं सांगितलंत," ती म्हणाली. आवाजात राग मुळीच नव्हता. "माझे डोळे गेले ते गेल्या दोन वर्षांत. त्याआधी तीस वर्षं मी ते चित्र रोज पाहिलं आहे. तुमची मी ऋणी आहे."

मी पत्र घडी करून घेतले. ती पुढच्या हंगामात आली नाही आणि माझी-तिची भेट पुन्हा झाली नाही.

दोन दिवसांनी मी चौकला उतरले. उतरताना सगळी वाट मी ते वाक्य मनात म्हणत होते, वाचायचे की नाही. शेवटचे वाक्य गाळले तर उरलेल्या मजकुरातून काहीच सिद्ध होत नव्हते. नाव यादीत नाही, एवढेच. अक्काला नऊ वर्षे मिळाली असती.

ओटीवर सासरे बसले होते, सासूबाई खांबाला टेकून, आणि अक्का आतल्या दाराशी. सासरे शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हिच्यासारखं इंग्रजी पनवेलपर्यंत कुणाला येत नाही. ही एक अक्षर इकडचं तिकडे करायची नाही."

मी वाचू लागले. आधी इंग्रजी वाक्य, मग त्याचे मराठी. यादी नष्ट झाली. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे?" मी समजावले. पोचलेल्यांत नाव नाही. अक्काने दाराची चौकट धरली होती. मी थांबले.

"झालं?" सासऱ्यांनी विचारले.

तिथे "झालं" म्हणायचे होते. एवढाच शब्द. त्यांनी तो माझ्या तोंडात ठेवल्यासारखाच होता. सासऱ्यांनाही तोच ऐकायचा असावा, असे मला आता वाटते. मी तेव्हा अक्काकडे पाहिले नाही, कागदाकडे पाहिले.

"एक ओळ राहिली आहे," मी म्हणाले, आणि ती वाचली.

का वाचली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. खोटे बोलायचे नाही म्हणून वाचली असे म्हणावे, तर वर बंगल्यात दोन महिने मी खोटेच बोलत होते. एका परक्या बाईचे मन मी रोज सांभाळले. कागद उद्या दुसऱ्या कुणी वाचला तर, ही भीती होती. आपल्या इंग्रजीचा अभिमानही होता. यांपैकी कुठले कारण मोठे, ते मला सांगता येत नाही.

अक्का रडली नाही. "त्याच दिवशी म्हणजे कुठल्या दिवशी?" एवढेच तिने विचारले. पत्रात दिवस दिलेला नव्हता.

पत्रावळ्यांसाठी पाने आणणारी कातकरीण दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचे मोठे भारे घेऊन आली. एवढी पाने मागवलेली पाहून ती अंगणातूनच म्हणाली, "लगीन हाय काय घरात?" पाताळगंगेच्या काठी सासऱ्यांनी दर्भावर पाने मांडून पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पुतळा लहान दिसत होता. त्यांनी तो दोनदा मोडून पुन्हा मांडला, कारण मुलगा उंच होता. शेवटी भटजींनी त्यांचा हात धरला. सासूबाई त्या दिवशी तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायल्या. दहाव्या दिवशी घरी न्हावी आला. तेव्हा मी तिथे होते. त्याबद्दल लिहीत नाही.

निधनाचा दिवस ठाऊक नव्हता म्हणून श्राद्धाला अमावास्या धरली. दर वर्षी मला बोलावणे येई आणि मी माथेरानहून, पुढे कर्जतहून, जात असे. सोवळ्यातला स्वयंपाक अक्काच करी. सासूबाई, सासरे गेल्यावरही त्या घरात ती एकटी तो करीत राहिली. माझ्याशी ती नीट बोले, तुमच्या वडिलांची चौकशी करी, आंबे बांधून देई. पत्राचे नाव तिने कधी काढले नाही, आणि मला ते काढावेसे फार वाटे, तरी मी काढले नाही.

एकदाच विचारले. तिला तेव्हा बारीक ताप येऊ लागला होता. ब्राह्मण जेवून गेले होते आणि आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "अक्का, ती ओळ मी वाचली नसती तर?"

"तर काय," ती म्हणाली. "वाट बघत बसले असते."

तिने माझ्या पानात भात वाढला, वर वरण घातले, आणि पळी भांड्यात ठेवता ठेवता म्हणाली, "तेवढं तरी असतं."